झिऱ्यावरचा काटा

साहेब, तो खड्डा नव्हता. तुम्ही कागदावर खड्डा लिहिलंत, खाली सही केलीत आणि गाडीची काच वर करून निघून गेलात. तो झिरा होता. अकरा घरं त्याचं पाणी पीत होती. तुमच्या सेवेच्या दिवशी, तुमच्या बॅनरखाली, नदी साफ करायच्या नावाने तो बुजवला गेला. ज्याच्यातून कचरा ओतून बुजवला, ते घमेलं मी आहे. म्हणून मला बोलायचं आहे. पण तुमच्याशी नंतर. आधी मुलांशी बोलते, कारण मुलं निदान शेवटपर्यंत ऐकतात.

मित्रांनो, मी एक जुनं लोखंडी घमेलं आहे. माझ्या कडेला तीन ठिकाणी चिरा आहेत, तळाला एक पोचा आहे, आणि एका भोकाला डांबर लावून चिंधी चिकटवलेली आहे. माझ्यात आता ओली वाळू भरली तर पाणी गळतं. तरी माझा जन्म काही वाईट झाला नव्हता. जालन्याच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमध्ये मला गोल कापलं, दाबलं, कडा वळवली आणि काळा रंग मारला. आम्ही पंचवीस जण एकात एक बसून, दोरीने आवळून, टेम्पोतून अंबडच्या बाजारात आलो.

तिथे दुर्गाबाई आली. तिने मला उचललं, उलटं केलं, बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. मग उन्हाकडे धरून कुठे बारीक भोक दिसतं का ते डोळा मिटून तपासलं. तिचा नवरा रामकिसन शेजारी उभा राहून कंटाळला.

"घमेलं घ्यायला आली का सोयरीक पाहायला?"

"सोयरीक बिघडली तर माहेरी जाता येतं," दुर्गाबाई म्हणाली. "घमेलं फुटलं तर मुकादम घरी धाडतो."

दुकानदारसुद्धा हसला. त्या दिवसापासून मी तिच्या डोक्यावर आहे. चौदा वर्षं झाली.

मी काय काय वाहिलं ते सांगत बसले तर तुमची शाळा सुटेल. बंधाऱ्याचा गाळ, रस्त्याची खडी, शाळेच्या स्लॅबचा माल. शेण, चारा, कोळसे, एकदा तर शेळीचं नुकतंच जन्मलेलं पिल्लू. जयंतीच्या दिवशी वस्तीतल्या कुणीतरी मला उलटं पाडून दोन काठ्यांनी हलगीसारखं बडवलं. तळाचा पोचा तेव्हाचा. त्याचं मला वाईट वाटत नाही. एवढ्या वर्षांत मला कुणी वाजवलं ते तेवढंच. काम संपलं की दुर्गाबाई मला राखेने घासायची आणि भिंतीला टेकवून ठेवायची. नवी भांडी घरात आली, गेली, पण ती म्हणायची, "हे घमेलं न्हाई, आमच्या घरातलं कमावतं माणूस हाय."

पण माझं खरं काम होतं नदीत. ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आमच्या गावाची नदी दिवाळीनंतर बारीक होते आणि होळीपर्यंत तिची धार तुटते. मग उरते ती वाळू. वाळूखाली पाणी असतं. ते काढायला वाळूत छातीइतका खोल खड्डा खणायचा, कडेने दगड रचायचे, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे तळाशी नितळ पाणी साचलेलं असतं. ते तांब्याने हंड्यात भरायचं, कपड्याने गाळायचं. याला झिरा म्हणतात. नळाला आमच्याकडे बारा दिवसांनी पाणी येतं आणि त्याला गंजाचा आणि गटाराचा वास येतो. म्हणून उन्हाळ्यात वस्तीचं पिण्याचं पाणी म्हणजे झिरा.

झिरा कुठेही खणता येत नाही. गावाचं गटार अलीकडच्या काठाने नदीत उतरतं. या बाजूला खणलं की काळं पाणी लागतं. पलीकडच्या काठाला एक करंजाचं झाड आहे, त्याच्या खाली खडकाची कपार आहे. तिथे वरच्या बरड माळाकडून येणारा झरा लागतो. अख्ख्या पात्रात ती एकच जागा. ती दुर्गाबाईच्या सासूने, गिरिजाबाईने दाखवली होती. म्हातारी काठी टेकत नदीत उतरली, करंजाच्या सावलीत काठी रोवली आणि म्हणाली, "इथं खण. दुसरीकडं खणशील तर गटार पिशील." म्हातारी सहा वर्षांपूर्वी गेली. जागा राहिली.

दरवर्षी होळी झाली की रामकिसन टिकाव मारायचा आणि मी वाळू वर आणायचे. त्या झिऱ्याचा एकेक दगड माझ्यातून गेला आहे. माझी कड त्यांच्यावर घासून पातळ झाली. गिरिजाबाईने दोन कायदे घालून दिले होते. पहिला: झिऱ्याचं पहिलं पाणी खोदणाऱ्याने प्यायचं नाही. ते जनावराला पाजायचं. जनावराने तोंड लावलं की मग माणसाचं. दुसरा कायदा काट्याचा. पाणी भरून झालं की झिऱ्यावर बोरीची काटेरी फांदी टाकायची, म्हणजे कुत्री-डुकरं आत उतरत नाहीत. आणि काटा ज्याने उचलला, त्यानेच परत ठेवायचा.

एकदा दुर्गाबाईची धाकटी जाऊ बेबीनंदा काटा ठेवायला विसरली. झिऱ्यात डुक्कर पडलं. सगळी वस्ती दिवसभर पाणी उपसत होती. महिनाभर जो तो तिला विचारायचा, "काय बेबे, डुकराला पाहुणचार केला म्हणं?"

"केला," बेबीनंदा म्हणायची. "तुमच्यापेक्षा साफ तोंड धुऊन गेलं."

पण त्यानंतर ती कधी विसरली नाही. आमच्या वस्तीत शाळा न शिकलेलं माणूस सापडेल, पण काटा परत न ठेवणारं सापडायचं नाही.

या वर्षी एप्रिलमध्ये दुर्गाबाईची लेक मीना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. आशाताईने सांगितलं, बाळंतिणीला पाणी स्वच्छ द्या, उकळून द्या, नळाचं बिलकुल नको. दुर्गाबाई म्हणाली, "आमच्या झिऱ्याचं पाणी हाय. सव्वा महिना लेकीला हलू देत न्हाई." सव्वा महिना म्हणजे काय ते तुमच्या आईला विचारा. बाळंतीण तेवढे दिवस आईच्या हातचं खाते, आईच्या हातचं पाणी अंगावर घेते. पुढे आयुष्यात तिला ते परत कुणी देत नाही. दुर्गाबाईच्या स्वतःच्या नशिबी ते नव्हतं. तिची आई लवकर गेली. म्हणून तिने ठरवलं होतं की मीनाला सगळं बराबर द्यायचं. रोज पहाटे ती दोन हंडे जास्त आणू लागली.

आणि मग सेवेचा दिवस आला.

एक मे. झेंडावंदन झालं की नदीत श्रमदान, असं वरून ठरलं. वरून साहेब येणार होते. गावातून हे काम धर्मराजने अंगावर घेतलं. धर्मराज आमच्याच गावचा, जालन्यात शाळेवर मास्तर आहे. अठरा वर्षं तिकडेच राहतो. माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. वाईट असता तर मला रागवायला सोपं गेलं असतं. तो स्वतः गाडीवर बसून दारोदार फिरला. वस्तीतही आला.

"दुर्गामावशी, एक तारखेला नदी साफ करायची. तुम्ही सगळ्यांनी यायलाच पाहिजे."

"येऊ की. नदी काय परक्याची हाय?" दुर्गाबाई म्हणाली. "पण मास्तर, इतके दिवस नदी आठवली न्हाई, अन् आज काहून?"

"आता दिवस ठरलाय ना, मावशी."

"बरं हाय. नदीचा बी वाढदिवस निघाला म्हणायचा," बेबीनंदा आतून बोलली.

धर्मराज हसला. मग म्हणाला, "घमेले कमी पडून राह्यले. तुमचं नेऊ का?"

दुर्गाबाईने मला राखेने घासलं, पुसलं आणि त्याच्या हातात दिलं. "न्या. पण वापस आणून द्या. लेकीचं बाळंतपण हाय, रोज लागतं." मी मनात फुलून गेले. चौदा वर्षं मजुरीला गेले होते. सेवेला पहिल्यांदा निघाले होते.

त्या दिवशी नदीवर नवी कोरी नारिंगी घमेली पण आली होती. त्यांना रिबिनी बांधल्या होत्या. ती पाहुण्यांसाठी मांडवात ठेवली. कामाला आम्ही जुनी. जालन्याहून एक बस भरून कॉलेजची मुलं आली. पांढऱ्या टोप्या, हातमोजे. वस्तीतल्या बायांना पुलाच्या पलीकडे, घाटाच्या पायऱ्या साफ करायला पाठवलं. दुर्गाबाई म्हणाली, "करंजाकडं आम्ही जातो, तिकडचं आम्हाला ठाऊक हाय." धर्मराज म्हणाला, "तिकडं पोरं करतील, मावशी. तुम्ही घाटावर थांबा, पाहुणे तिकडूनच येणार." ती गेली. मी पोरांबरोबर करंजाकडे गेले. साहेब, सगळं तिथेच फिसकटलं. ज्यांना नदी ठाऊक होती त्यांना तुमच्या स्वागताला उभं केलं, आणि ज्यांनी नदी कधी पाहिली नव्हती त्यांच्या हातात नदी दिली.

तरी मी खोटं बोलणार नाही. पोरांनी जीव लावून काम केलं. प्लास्टिक, बाटल्या, फाटके कपडे, थर्माकोल, औषधाच्या बाटल्या, सुया, बाळांच्या घाणीच्या चड्ड्या, मेलेली कोंबडी, सगळं त्यांनी हाताने उचललं. एका मुलीला ओकारी झाली, ती बाजूला जाऊन ओकून आली आणि पुन्हा कामाला लागली. तिचं नाव अक्षता. ती मला धरून होती. दहा वाजेपर्यंत करंजाजवळ माणसाच्या उंचीचा ढीग झाला. तो न्यायला ट्रॅक्टर येणार होता.

ट्रॅक्टर आला नाही. तो एका वऱ्हाडात गेला होता. मे महिन्यात ट्रॅक्टर नदीसाठी मोकळा असतो, असं कुणाला वाटलं कोण जाणे.

साडेदहाला हातात यादी घेतलेला एक माणूस पुलावरून धावत खाली आला. साहेबांच्या पुढे येणारा माणूस. "साहेब अंबडवरून निघाले. हा ढीग पुलावरून दिसून राह्यला. फोटोत येईल. काय करायचं ते करा, पण हा इथं दिसायला नको."

सगळे इकडे तिकडे पाहू लागले. त्याच वेळी अक्षता म्हणाली, "सर, इथे पण काटे टाकलेत कुणीतरी." तिने बोरीची फांदी दोन बोटांनी उचलली आणि ढिगावर टाकली. मी पाहत होते. कॉलेजच्या मुलीला बोरीची फांदी म्हणजे कचरा. तिला कुणी शिकवलंच नव्हतं की नदीतल्या काट्याखाली पाणी असतं.

"सर, खाली खड्डा आहे. पाणी साचलंय आत."

"साचलेल्या पाण्यात डास होतात," दुसरा एक पोरगा म्हणाला. "आमच्या कॉलनीत तर कूलरमध्ये पण ठेवू देत नाहीत."

धर्मराज आला. तो वाकला. आतले रचलेले दगड त्याने पाहिले. मित्रांनो, हा माणूस लहानपणी झिऱ्याचं पाणी पिऊन मोठा झाला आहे. त्याची आई डोक्यावर हंडा घेऊन याच वाळूतून जायची. त्याच्या तोंडाशी काहीतरी आल्यासारखं झालं. तो म्हणाला, "हा कुणाचा हाय का रे?"

कोण सांगणार? सांगणाऱ्या सगळ्या घाटावर होत्या.

"नदीतला खड्डा कुणाच्या नावावर असतो का, सर?" यादीवाला म्हणाला. "आयता हाय. भरून टाका, वरून वाळू ओढा. ढीग बी गेला अन् खड्डा बी गेला."

धर्मराजचा फोन वाजला. त्याने तो कानाला लावला, 'हो साहेब, हो साहेब' म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने खूण केली. भरा.

पहिलं मला भरलं.

मित्रांनो, मला तोंड आहे. माझं सगळं अंग म्हणजे एक मोठं उघडं तोंडच आहे. पण जीभ नाही. अक्षताने मला ढिगात खुपसलं, दोघांनी मिळून उचललं आणि झिऱ्याच्या काठावर आणून उलटं केलं. खाली पाण्यात माझंच तोंड दिसत होतं, काळं, गोल. त्याच्यावर औषधाच्या बाटल्या पडल्या. मग सुया. मग त्या चड्ड्या. मी निसटून पडायचा प्रयत्न केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. घमेल्याला निसटता येत नाही. ज्याने धरलं त्याच्या हातात जायचं आणि त्याने सांगितलं तिथे रिकामं व्हायचं, एवढंच माझ्या घडणीत आहे. किती खेपा झाल्या मला माहीत नाही. ज्या दगडांवर घासून माझी कड पातळ झाली, ते एकेक करून दिसेनासे झाले. शेवटी बोरीचा काटाही आत टाकला. वरून वाळू ओढली आणि खोऱ्याच्या पाठीने थापून सपाट केली.

साहेब आले. करंजाची सावली होती, जागा सपाट होती. तिथेच उभे राहिले. बरोबर झिऱ्यावर. एका नारिंगी घमेल्यात चार वाळलेली पानं टाकून ते त्यांच्या हातात दिलं. फोटो झाला. मग ते म्हणाले की नदी आपली आई आहे. बारा मिनिटं बोलले. घाटावरच्या बाया टाळ्या वाजवत होत्या. दुर्गाबाईपण वाजवत होती. सगळ्यांना पाण्याच्या सीलबंद बाटल्या वाटल्या. त्यातल्या निम्म्या रिकाम्या बाटल्या दुपारी नदीतच पडल्या होत्या.

ऊन कलल्यावर दुर्गाबाई आणि बेबीनंदा हंडे घेऊन आल्या. मी करंजाखाली उपडं पडून होते. मला वापस नेऊन द्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

बेबीनंदा इकडे तिकडे पाहू लागली. "अक्का, काटा कुठं गेला?"

"काटा ऱ्हाऊ दे," दुर्गाबाई म्हणाली. "झिरा कुठं गेला?"

दोघी सपाट वाळूवर उभ्या राहिल्या. मग दुर्गाबाईने मला पाहिलं. उचललं. आत नाक घातलं. माझ्या आतल्या बाजूला काय चिकटलं होतं ते तिने बोटाने खरवडून पाहिलं.

"ह्याच्यातनंच भरला," ती म्हणाली.

तिने मला शिव्या दिल्या असत्या, फेकून दिलं असतं, तर बरं झालं असतं. तिने मला काखेत घेतलं आणि रिकामा हंडा घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे रामकिसन, दुर्गाबाई आणि बेबीनंदा खणायला लागले. तीन दिवस खणलं. आत टाकलेलं सगळं परत माझ्यातूनच बाहेर आलं. रामकिसनच्या तळहातात सुई घुसली, दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्यावं लागलं. चौथ्या दिवशी दगड दिसले. पाणी आलं. त्याच्यावर तेलासारखा तवंग होता आणि औषधाचा वास होता. उपसलं. परत तवंग आला. आठ दिवस उपसलं. मग पाणी दिसायला नितळ झालं. रामकिसन म्हणाला, "झालं बघ. आता काही न्हाई."

दुर्गाबाईने गिरिजाबाईचा कायदा मोडला नाही. तिने पहिलं पाणी माझ्यात ओतलं आणि मला शेळीपुढे ठेवलं. हे तेच पिल्लू, जे मी एकदा वाहून आणलं होतं, आता मोठं झालेलं. शेळी दिवसभर उन्हात हिंडून तहानलेली होती. तिने तोंड खाली आणलं, हुंगलं, आणि मान फिरवली. दुर्गाबाईने परत पुढे सरकवलं. शेळीने परत मान फिरवली.

मला तिथेच ओतून टाकलं.

रविवारी धर्मराज आला. त्याला कुणीतरी कळवलं होतं. आल्या आल्या बूट काढून झिऱ्यात उतरला आणि दुपारपर्यंत एकटा उपसत राहिला. दुर्गाबाई काठावर बसली होती.

"मावशी, घाईत झालं. साहेब आल्ते, फोनवर फोन येऊन राह्यले होते."

"काटा दिसला न्हाई का तुमाला?"

"दिसला."

"मंग?"

त्याने आणखी एकदा पाणी उपसून काठावर फेकलं. "आई असती तर तिनं मला इथंच झोडलं असतं, मावशी."

"तिच्या वाटचं मी झोडते की. पण झोडून पाणी लागतं व्हय?" दुर्गाबाई म्हणाली. "कचेरीत चला माझ्यासंगं. तुमच्या तोंडानं सांगा. आमचं तिथं कोण ऐकतंय?"

दुसऱ्या दिवशी तो गेला तिच्याबरोबर. अर्ज त्यानेच लिहिला. स्वतःची चूक त्यात लिहिली, एवढं मात्र मी त्याच्या नावावर ठेवते. दुर्गाबाईने मलाही काखेत घेतलं. बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "बाई, घमेलं कुठं घेऊन चालल्या?" ती म्हणाली, "साक्ष द्यायला."

कचेरीतल्या माणसाने अर्ज वाचला आणि कपाटातून एक कागद काढला. सेवेच्या दिवसाचा अहवाल. त्याने मोठ्याने वाचला. 'नदीपात्रातील एक धोकादायक खड्डा बुजवून डासांची उत्पत्ती रोखण्यात आली.' खाली सही. सोबत फोटो. फोटोत साहेब, नारिंगी घमेलं, वाळलेली पानं. आणि कोपऱ्यात, करंजाच्या बुंध्याशी, उपडं पडलेलं मी.

"मावशी, विहीर असती तर नोंद असती. पंचनामा केला असता," तो माणूस म्हणाला. तोही काही उद्धट नव्हता. "झिरा कागदावर न्हाईच. जे कागदावर न्हाई ते बुजवलं, असं मी कसं लिहू?"

"मंग इतकी वर्षं मी पेले ते काय व्हतं?"

त्याने कागदाची घडी घातली. "पुरावा काय तुमच्याकडं?"

दुर्गाबाईने मला टेबलावर ठेवलं. माझी पातळ झालेली कड तिने बोटाने दाखवली. "हे बघा. हे त्या दगडांवर झिजलंय."

त्याने मला पाहिलं. शेजारच्या टेबलावरचा एक जण हसला. मग अर्ज वाचणारा म्हणाला, "घमेलं खाली ठेवा बाई, कागद खराब होतात."

कचेरीतल्या शेवटच्या बाकावर ती चार वाजेपर्यंत बसली. साहेब बैठकीत होते. बैठक सुटली तेव्हा ते समोरून गेले. धर्मराज उठून उभा राहिला, बोलायला गेला. साहेब चालता चालता म्हणाले, "अर्ज दिला ना? बघतो." साहेब, ते तुमचे एवढेच शब्द आहेत. त्याला आता दोन महिने होत आले. धर्मराजची शाळा सुरू झाली. तो फोन करतो. आधी दर आठवड्याला करायचा.

झिरा बुजल्यावरचे दिवस दुर्गाबाईने कसे काढले ते पण ऐका. ती रामरावाच्या शेतातल्या विहिरीवरून पाणी आणू लागली. जायला अर्धा तास, यायला पाऊण. रामराव दोन हंडे घेऊ द्यायचा, आणि चौथ्या दिवशी म्हणाला, "दुर्गाबाई, न्हाई म्हणायला जीव होत न्हाई, पण विहीर तळाला गेली." मग एक हंडा. मग नळाचं पाणी, गाळून, दोनदा उकळून. मीनाच्या पोटात दुखायला लागलं. बाळ रात्रंदिवस रडू लागलं. आशाताईने पाण्याचं विचारलं तेव्हा दुर्गाबाईने नुसतं नळाकडे बोट केलं.

सव्वा महिना पुरा व्हायला अजून अकरा दिवस होते. कुंभार पिंपळगावहून जावई आला. त्यांच्या दारात बोअर आहे. तो चांगलं बोलला, टोचून काही बोलला नाही, नुसतं म्हणाला, "आत्या, मी घेऊन जातो. तिकडं पाणी हाय." दुर्गाबाईने लेकीची ओटी भरली, बाळाच्या कपाळाला काजळ लावलं. मीना निघताना म्हणाली, "आई, मला काही कमी पडलं न्हाई बरं का." हे ऐकून दुर्गाबाई आत गेली. गाडी निघून गेली तरी बाहेर आली नाही. बेबीनंदाच दारात उभी राहून हात हलवत होती.

आता पाऊस लागला आहे. नदीला पाणी आलं. करंजाखालची जागा पाण्याखाली आहे. पुलावर तुमचा बॅनर अजून एका दोरीला लटकतो. मी भिंतीला टेकून आहे. दुर्गाबाई मला अजून कामाला नेते, पण राखेने घासायची ती आता घासत नाही. नुसतं धुऊन ठेवते. मी तिला दोष देत नाही.

मित्रांनो, सेवा करू नका असं मी म्हणत नाही. जा, नदीत उतरा, हात घाण करा. अक्षतासारखं ओकून पुन्हा कामाला लागा. पण कुठल्याही नदीत पाय ठेवण्याआधी तिच्या काठचं एक माणूस गाठा आणि विचारा, इथे काय आहे? तुमच्या हातात कुणाचं घमेलं आहे, ते त्याच्या मालकिणीला विचारा. तुम्हाला कचरा वाटतं ते कुणीतरी मुद्दाम ठेवलेलं असेल. एवढं करायला दिवस ठरवावा लागत नाही, आणि फोटोही लागत नाही.

आणि साहेब, आता तुमच्याशी. होळी झाली की नदी पुन्हा तुटेल. रामकिसन टिकाव घेऊन करंजाखाली जाईल, मी त्याच्याबरोबर जाईन, कारण जागा एकच आहे. तेव्हा जे पाणी लागेल ते माझ्यात ओतून शेळीपुढे ठेवतील. तिने मान फिरवली तर अकरा घरांनी काय प्यायचं? हे घमेलं विचारतं आहे असं समजू नका. अर्जाच्या खाली दुर्गाबाईचा अंगठा आहे, तो विचारतो आहे. आमच्यात साधा कायदा आहे. बेबीनंदासारख्या वेंधळ्या बाईला तो कळला, तुम्हाला कळायला हरकत नसावी. काटा ज्याने उचलला, त्यानेच परत ठेवायचा. तुमच्या दिवशी, तुमच्या बॅनरखाली, तुमच्यासाठी उचलला.

परत ठेवायला कधी येता? बघतो म्हणू नका. तारीख सांगा.